आतलेकाकांच्या बोटांतले रबरबँड

आतलेकाकांचं आडनाव आतले नाही. इस्पितळात नव्यानं लागलेला प्रत्येक जण आधी तसंच समजतो, फोनच्या यादीत 'आ'खाली त्यांना शोधतो आणि हात हलवत परत येतो. मग कोणीतरी जुनं माणूस हसून सांगतं की काकांचं खरं आडनाव आता त्यांच्या स्वतःच्या लक्षात असलं तरी पुष्कळ. काहीही विचारायला जा, काका पहिल्यांदा एकच विचारतात, "ते ठीक आहे, पण कशाच्या आत?" त्यावरून हे नाव पडलं, आणि काकांनीही ते बिनतक्रार अंगाला लावून घेतलं.

त्यांची खोली तळघरात आहे, धुलाईखाना आणि मोडक्या खाटांची कोठी यांच्या मधोमध. भिंतीपलीकडे दिवसभर चादरी घुसळल्या जात असतात आणि त्या घरघरीत काका इस्पितळाचा जुना डेटाबेस सांभाळतात. या डेटाबेसला स्वतःची एक डिक्शनरी आहे. तिच्यात एकही रुग्ण नाही. रुग्णाबद्दल काय काय लिहून ठेवता येतं, ते कुठं लिहायचं आणि कशाच्या आत लिहायचं, एवढंच तिच्यात असतं. सगळी मेख आहे ती या 'आत'ची. रुग्णाची फाईल उघडली की नाव, वय, पत्ता सरळ समोर येतात. पण पुढं 'औषधाचा त्रास' असं जे दिसतं, ती नुसती रिकामी जागा नव्हे, ती स्वतःच एक फाईल असते. तिच्यात शिरलं की 'लक्षणं' म्हणून आणखी एक फाईल, आणि तिच्या पोटात पुन्हा तिचं एखादं लेकरू. वरच्या मजल्यावरच्या कोणा डॉक्टरना एखादी माहिती काढून हवी असली की ती नेमकी कोणत्या पोटात आहे हे आधी डिक्शनरीत उतरून बघावं लागतं, आणि ते बघण्यात काकांचा हात धरणारं कोणी नाही.

काकांचं म्हणणं असं, की आत उतरायला अक्कल लागत नाही, ती लागते वर यायला. आपण कुठून खाली आलो हे विसरलं की माणूस भलत्याच फाईलमध्ये डोकं वर काढतो. यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे रबरबँड. औषधांच्या पाकिटांचे रबरबँड त्यांच्या खिशात कायम भरलेले. एक मजला खाली उतरले की एक रबरबँड करंगळीत, आणखी खाली गेले की पुढच्या बोटात, आणि वर येताना एकेक काढायचा. पडद्यावर सगळं दिसत असतं, तरी काकांचा पडद्यापेक्षा बोटांवर भरवसा. उतरताना मध्येच कोणी हाक मारली तर मात्र सगळं गणित कोलमडतं. म्हणून आत असताना काका फोन उचलत नाहीत. आणि काका बहुतेक वेळ आतच असतात.

घरी जातानाही बोटांत रबरबँड राहून जातात. काकू दार उघडतात त्या आधी त्यांच्या हाताकडे बघतात. "अजून तीन मजले खाली दिसताय," म्हणतात, "वर आलात की सांगा, मग बोलू." काका ओशाळून हसतात, जेवायला बसतात आणि ताटाकडे बघतच राहतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, काकूंना या माणसाचा राग येत नाही असं नाही, पण राग यायला समोर माणूस वर आलेला तरी हवा ना!

काकूंचा उजवा गुडघा दुखायला लागला त्याला आता जुनी गोष्ट म्हणावं लागेल. आधी जिना अवघड झाला, मग बाजार, मग घरातल्या घरात काठी आली. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, सांधा बदलायचा, दुसरा उपाय नाही. काकू दर वेळी मान डोलवत आणि घरी आल्यावर काहीतरी कारण काढत. कधी पाहुणे, कधी थंडी, कधी पडदे शिवायचे राहिलेत. शेवटी काकाच एकदा वैतागून म्हणाले, "अगं, तुला नेमकं अडतंय कुठं?"

"अडत काही नाही," काकू म्हणाल्या. "पण भूल दिल्यावर मी काय बोलणार? माझ्या वतीनं बोलायचं कोणी? तुम्ही?"

"मग काय झालं?"

"तुम्हाला माझी माहिती काय आहे हो?"

काकांना हे लागलं. साऱ्या इस्पितळाची माहिती कुठं राहते हे ज्याला ठाऊक, त्याला त्याच्याच बायकोनं हे विचारावं! "तुझी सगळी माहिती आहे मला," ते छाती पुढं काढून म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"बरं," काकू म्हणाल्या. "मग असं करू. भरतीच्या टेबलावर मी तोंड उघडणार नाही. सिस्टर विचारतील ते तुम्ही सांगायचं. नीट सांगितलंत तर करते ऑपरेशन. ततपप केलंत तर आल्या पावली घरी. मग पुन्हा गुडघ्याचं नाव काढायचं नाही."

काकू गमतीनं बोलत नव्हत्या. त्या बाईनं एकदा ठरवलं की ठरवलं, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. तिच्याबद्दल तेवढं तरी ठाऊक होतं. आणि हे साधलं नाही तर ती जन्मभर काठीवर राहील, हेही त्यांना समजत होतं.

अशा वेळी तुम्ही-आम्ही काय केलं असतं? बायकोसमोर बसलो असतो आणि विचारलं असतं. काका दुसऱ्या दिवशी तळघरात गेले आणि त्यांनी डिक्शनरी उघडली.

भरतीच्या टेबलावर जे जे विचारतात ते शेवटी कुठल्या ना कुठल्या फाईलमध्येच जाऊन पडतं, तेव्हा फाईली बघितल्या की प्रश्न कळले, हा त्यांचा हिशेब. हिशेबात चूक काढायला जागा नव्हती. ते 'रुग्ण'मध्ये शिरले, तिथून 'भरती'मध्ये, तिथून 'आधीच्या शस्त्रक्रिया', तिच्या आत 'भूल', भुलीच्या आत 'त्रास'. रबरबँड चढत गेले. 'औषधाचा त्रास' उघडला, 'कोणतं औषध', 'काय झालं', 'किती वेळानं'. प्रत्येक जागेची व्याख्या त्यांनी वाचली, तिथं किती अक्षरं मावतात तेही बघितलं. मग खुर्चीत मागं रेलून डोळे मिटून पुटपुटत पाठ करायला बसले.

धुलाईखान्यातला चादरीवाला दारात येऊन हे बघत होता. काकांचा तळघरातला सख्खा शेजारी तो. त्यानं विचारलं, काय चाललंय? काकांनी सांगितलं. चादरीवाल्यानं कपाळावर हात मारला.

"अहो काका, काखेत कळसा आणि गावाला वळसा! काकूंनाच विचारा की घरी जाऊन."

"विचारणार ना," काका म्हणाले. "पण आधी व्याख्या पक्की हवी. काय विचारायचं हेच माहीत नसेल तर उत्तर ठेवणार कुठं?"

चादरीवाला काही शिकलेला-सवरलेला नव्हता, पण त्याला बायको होती. तो मान हलवत निघून गेला.

त्या आठवड्यात काका रोज बोटं भरून घरी आले. काकू वाट बघत होत्या. आज विचारतील, उद्या विचारतील. एका संध्याकाळी चहा पुढं ठेवून त्या स्वतःच म्हणाल्या, "ते दातदुखीच्या गोळ्यांचं सांगायचंय तुम्हाला. तुम्हाला आठवतं का..." काकांनी डोळे मिटलेलेच ठेवून हात वर केला. "थांब, थांब. आत आहे मी."

काकू थांबल्या. चहा निवला.

भरतीच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून टेबलासमोर ताठ बसले. शेजारी काकू काठीवर दोन्ही हात ठेवून, मूग गिळून गप्प. पलीकडे भरतीच्या सिस्टर. त्या काकांना ओळखत होत्या, म्हणजे निदान त्यांच्या न उचललेल्या फोनला तरी ओळखत होत्या.

"नाव, पत्ता, वय," सिस्टर म्हणाल्या. हे काकांनी खडाखडा सांगितलं. वयात एका वर्षाची चूक झाली, तेव्हा काकूंची भुवई हलली, पण काकूंनी ते सोडून दिलं. बाईचं वय कमी सांगितलेलं कोण नाकारतं?

"कुठल्या औषधाचा त्रास होतो?"

काका सरसावले. "आता तुम्ही आधी कोणतं औषध ते विचाराल. मग काय झालं. मग किती वेळानं. शेवटी कोणी बघितलं."

सिस्टरचा हात थांबला. "अगदी बरोबर. मग कोणतं औषध?"

काकांनी काकूंकडे बघितलं. काकू पंख्याकडे बघत होत्या.

"बरं, आधी कधी भूल दिली होती?"

"त्याच्या आत चार जागा आहेत," काका म्हणाले. आवाज आता जरा खाली आला होता. "कधी, कशासाठी, कोणत्या प्रकारची, नंतर त्रास काय झाला."

"हो काका. पण त्या चार जागांत लिहू काय?"

काकूंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, हे काकांना आठवत होतं. ते दुसऱ्या गावी झालं होतं, मोठी लेक तेव्हा शाळेत होती. त्याच्या पुढं सगळा पांढरा पडदा. प्रश्न सगळे तोंडपाठ, उत्तर एकही नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना कुठं काय ठेवायचं ते दाखवत आले, आणि आज कळलं की आपल्या घरची ती जागा आपण नुसती आखून ठेवली, तिच्यात घातलं काहीच नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," काकू पंख्याला म्हणाल्या.

सिस्टरनी दया येऊन सोपा प्रश्न काढला. "जाऊ दे ते. काही लागलं तर फोन कोणाला करायचा?"

"मला," काका घाईनं म्हणाले.

"शिवणवाल्या वहिनींना," काकू म्हणाल्या. शिवणवाल्या वहिनी म्हणजे त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या शेजारीण, दिवसभर शिलाई मशीनवर असतात.

"अगं, पण मी इथंच असतो! याच इमारतीत! खाली!"

"म्हणूनच. त्या फोन उचलतात."

सिस्टरनी मान खाली घातली. हसू आवरायला असेल किंवा दुसरं काही. काकू काठी टेकून उठल्या आणि दाराकडे निघाल्या.

"काका," सिस्टर म्हणाल्या, "मी चहा घेऊन येते तोवर ठरवा. नाही तर ही खाट मला दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल."

काका मागं धावले. गुडघा धड असता तर काकू एव्हाना फाटकाबाहेर पोहोचल्या असत्या. ज्या गुडघ्यावरून एवढं रामायण झालं, त्यानंच काकांना वेळ दिला. लिफ्टजवळच्या बाकापाशी त्यांनी काकूंना गाठलं.

"बस जरा."

"घरी जाऊन बसेन."

"दातदुखीच्या गोळ्यांचं काय सांगत होतीस?"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "आता विचारताय?"

"आता विचारतो," काका म्हणाले. "चुकलो मी. बस ना."

काकू बसल्या, बहुतेक गुडघ्यामुळेच. काकांनी सवयीनं खिशात हात घातला आणि एक रबरबँड करंगळीत चढवला. काकूंनी ते बघितलं, पण या वेळी काही बोलल्या नाहीत.

दातदुखीच्या गोळ्यांचं असं झालं होतं, की दुसरी गोळी घेतल्यावर सगळं अंग लाल होऊन सुजलं होतं आणि ओठ एवढाले झाले होते. "तुमच्यासमोर झालं. तुम्ही म्हणालात, उष्णता असेल." गोळीचं नाव काकूंना पाठ होतं. त्या प्रत्येक डॉक्टरला ते स्वतःच सांगत आल्या होत्या. काकांनी ते दोनदा म्हणवून घेतलं.

"आणि पित्ताशयाच्या वेळची भूल?" दुसरा रबरबँड.

काकूंनी वर्ष सांगितलं, डॉक्टर सांगितले.

"नंतर त्रास काय झाला?" तिसरा.

"काही नाही."

डिक्शनरीप्रमाणे इथं काम संपतं. 'काही नाही' लिहिलं की त्याच्या आत दुसरी फाईल नसते, तिथून माणसानं वर यायचं असतं. काकांचा हात रबरबँड काढायला गेलाही. पण काकू समोरच्या भिंतीकडे बघत होत्या आणि काठीची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या होत्या. काकांनी हात मागं घेतला आणि चौथा रबरबँड चढवला.

"त्याच्या आत?"

"'काही नाही'च्या आत काय असणार?"

"बघू दे मला."

लिफ्ट आली, कोणी उतरलं, लिफ्ट गेली.

"जाग आली तेव्हा पाय गारठले होते," त्या म्हणाल्या. "घशाला कोरड. कुठं आहे तेच कळेना. मला वाटलं, मी मेले. मी हाका मारल्या. पहिल्यांदा तुम्हाला, मग आईला. आई तर कधीच गेली होती. कोणी आलं नाही."

"मी..." काका अडखळले. "मी बाहेर त्यांचे फॉर्म भरत होतो."

"माहीत आहे. एकही रकाना सोडला नव्हतात. नंतर तिथल्या सिस्टर तुमचं कौतुक करत होत्या." काकू हसायला गेल्या, पण ते जमलं नाही. "मला ऑपरेशनची भीती नाही हो. झोपायचीही नाही. मला जाग यायची भीती वाटते."

एवढी वर्षं ही गोष्ट काकांच्या घरात, त्यांच्या ताटासमोर बसून होती, आणि ते रोज बोटं मोजत तिच्या शेजारून गेले होते. त्यांनी काकूंच्या हातावर हात ठेवला.

सिस्टर चहा संपवून परत आल्या तेव्हा दोघं टेबलासमोर बसलेले होते. काकांनी गोळीचं नाव सांगितलं, सूज सांगितली, वर्ष सांगितलं. काकूंनी एकदाही तोंड उघडलं नाही. फोनचा प्रश्न आला तसे काका स्वतःच म्हणाले, "शिवणवाल्या वहिनी. मी दोन नंबरला."

"इथं दोन नावं घालता येतात?" सिस्टरनी विचारलं.

"येतात," काका म्हणाले. "आत जा जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना ऑपरेशनला आत नेलं, तेव्हा चादरीवाला वर येऊन सांगून गेला की तळघरातला फोन वाजून वाजून दमला आहे. काकांनी नुसती मान डोलावली. शिवणवाल्या वहिनी एक नंबरच्या मानानं बाकावर ऐसपैस बसल्या होत्या आणि काका उभेच होते. आत जायला एकालाच मिळेल, असं शुद्धीवर येण्याच्या खोलीतल्या सिस्टरनी सांगितलं. वहिनींनी काकांकडे बघितलं, आपली पिशवी आवरली आणि मला चहाची तल्लफ आली आहे म्हणाल्या.

काकूंना जाग आली तेव्हा आधी पाय जाणवले. पायांत लोकरीचे मोजे होते, आणि मोज्यांवरून कोणीतरी तळवे चोळत होतं. त्या हातातलं काहीतरी टोचत होतं.

"कोण?"

"मी."

"दोन नंबर?"

"दोन नंबर. पाणी एवढ्यात नाही देता येत, ओठ ओले करायला सांगितलेत." काकांनी ओल्या कापसानं ते केलं आणि परत पायांशी गेले.

"टोचतंय काय ते?"

काकांनी आपल्या हाताकडे बघितलं. चारही रबरबँड कालपासून तसेच होते. ते त्यांनी कॉटच्या कडेला एकेक करून काढून ठेवले.

"एक नंबर कुठं आहे?"

"चहाला गेल्यात." काका जरा थांबले, मग न राहवून म्हणाले, "सिस्टरना सांगू का, नंबर बदलायला?"

काकूंनी डोळे मिटले. काकांना वाटलं, पुन्हा झोप लागली.

"घाई काय आहे," काकू म्हणाल्या. "डावा गुडघा बाकी आहे अजून. तेव्हा बघू."